बाबांनाच दिसणारा काटा

बाबांनी गाडीची किल्ली चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "ही आता तुमच्याकडे राहू दे. मी यापुढे चालवणार नाही."

इतक्या साध्या आवाजात म्हणाले की आईला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "ओल्यात नका ठेवू, टेबल पुसू द्या." तिने किल्ली उचलली, टेबल पुसलं आणि किल्ली पुन्हा तिथेच ठेवली. दादाला मात्र लगेच कळलं. दादा वेगळा राहतो, दर रविवारी सकाळी येतो आणि गेले काही रविवार तो हे एवढं एक वाक्य ऐकायलाच येत होता.

"बरं केलंत, बाबा," तो म्हणाला. "शनिवारी भंगारवाला येऊन गाडी घेऊन जाईल. आणि गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय, लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे," बाबा म्हणाले, आणि दादाकडे न बघता चहा प्यायले.

मला त्या 'लक्षात आहे ना'चा असा राग आला की मी उठून भांडी घासायला घेतली. माझ्या रागाबद्दल घरात बरंच बोललं जातं. आई म्हणते, हिच्या नाकावर राग बसायला जागा आधीच राखून ठेवलेली असते. पण त्या दिवशी मला राग नेमका कुणाचा आला होता ते माझं मलाच कळत नव्हतं. दादाचा यावा तर तो चुकीचं काही करत नव्हता. बाबांचा यावा तर त्या बिचाऱ्यांनी नुसती किल्ली ठेवली होती.

बाबा म्हणजे आयुष्यभर रुग्णवाहिका चालवलेला माणूस. मागे पेशंट, बाजूला नर्स, आणि समोर जो काही रस्ता असेल तो. निवृत्त झाल्यावर त्यांचा सगळा जीव आमच्या जुन्या निळ्या गाडीत गुंतला. ही गाडी त्या काळातली, जेव्हा डॅशबोर्डवर पडदे नव्हते, काटे असायचे. वेगाच्या मोठ्या तबकडीशेजारी दोन छोट्या तबकड्या. एकीत इंजिनाचा ताप दिसतो, तो काटा मधोमध असावा लागतो. दुसरीत तेलाचा दाब दिसतो, तो काटा खाली पडता कामा नये. ताप चढला तर इंजिन भाजतं, आणि दाब उतरला तर आतलं लोखंड लोखंडावर घासून थोड्या वेळात सगळा खेळ खलास. हे मला शाळेत असल्यापासून पाठ आहे, कारण बाबांनी मला आकडे शिकवण्याआधी काटे शिकवले.

तर गेल्या काही आठवड्यांपासून बाबांना हे दोन्ही काटे चुकीच्या जागी दिसायला लागले होते. गाडी जरा तापली की तापाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायचा आणि तेलाचा काटा तळाशी यायचा. बाबा जिथे असतील तिथे गाडी बाजूला घेऊन बंद करायचे. एकदा तर पुलावर बंद केली. मागच्यांनी हॉर्न वाजवून आणि बाबांच्या वयाचा उद्धार करून पूल डोक्यावर घेतला होता.

दादाने गाडी चालवून बघितली. काटे जागच्या जागी. सबूरने चालवून बघितली. काटे जागच्या जागी. सबूर म्हणजे आमचा मेकॅनिक. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला माहीत असेल. दर वाक्याला 'सबूर, सबूर' म्हणतो, आणि सगळ्या गावात त्याच्याइतका उतावळा माणूस सापडायचा नाही. त्याने काही न सापडता रेडिएटरचं पाणी बदललं, थर्मोस्टॅट बदलला, तेल बदललं, तेलाचा फिल्टर बदलला आणि सांगितलं, गाडी ठणठणीत आहे. बाबा गाडी घेऊन निघाले आणि घरी पोचायच्या आत काटा लालमध्ये गेला. पुन्हा सबूरकडे. पुन्हा सबूर एकटा बसून चक्कर मारून आला. काटा मधोमध.

भर म्हणून संध्याकाळी गाडीचे दिवे अंधुक दिसतात असंही बाबा म्हणायला लागले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं, तरी बाबांनी हट्टाने नवा चष्मा करून घेतला. नव्या चष्म्यातूनही दिवे अंधुकच होते.

जे बाकी कुणालाच दिसत नाही ते एका माणसाला दिसतं, हे दुसऱ्या एखाद्या घरात कदाचित हसण्यावारी गेलं असतं. आमच्या घरात जाणार नव्हतं. बाबांच्या मोठ्या भावाचं, आमच्या थोरल्या काकांचं असंच सुरू झालं होतं. त्यांना दारात कुणीतरी उभं असलेलं दिसायचं. मग ते घरी यायची वाट विसरले, मग जेवलो की नाही ते विसरले, आणि शेवटी बाबा त्यांना आंघोळ घालायचे तेव्हा "तुम्ही फार चांगले आहात हो, तुमचं गाव कोणतं?" असं ते आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला विचारायचे. बाबा दर वेळी गाव सांगायचे.

म्हणून 'गुरुवारी डॉक्टर' म्हणजे कसले डॉक्टर हे कुणी बोलत नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत होतं.

मला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी मी दादाला सांगितली नव्हती. मी आईबाबांजवळच राहते, माझी खोली त्यांच्या खोलीला लागून आहे आणि मधली भिंत नावालाच आहे. हल्ली रोज पहाटे उजाडायच्या सुमाराला बाबा अंथरुणात पडल्या पडल्या पुटपुटत असायचे. सगळं ऐकू यायचं नाही. मधूनच 'डावीकडे' ऐकू यायचं, मधूनच 'टाकी', मधूनच 'नाही, नाही, आधी शाळा'. मी उशी कानावर दाबून घ्यायचे. माझी पाचावर धारण बसलेली असायची, आणि उठल्यावर मी सगळ्यांशी उगाच कडाकडा भांडायचे.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सोमवारी एका बाईंच्या नमुन्यात साखरेचा असा आकडा आला की त्या बाई बेशुद्ध पडलेल्या असायला हव्या होत्या. त्या बाहेर बाकावर बसून विणकाम करत होत्या. असं झालं की आमच्याकडे कुणी घाबरत नाही. तोच नमुना दुसऱ्या मशीनवर लावायचा. मी तो लावला, आकडा नीट आला, पहिलं मशीन बंद करून त्यावर चिठ्ठी चिकटवली. चिकटवता चिकटवताच माझ्या मनात आलं की बाबांच्या बाबतीत हे कुणीच केलेलं नाही. दादाने गाडी तपासली, सबूरने गाडी तपासली, डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना तपासलं. पण बाबा गाडी चालवत असताना शेजारी बसून काट्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. आई नेहमी मागे बसते, पाय लांब करता येतात म्हणून, आणि तिला तिथून बाबांच्या टाळूशिवाय काही दिसत नाही. आणि काटा चढायला लागल्यापासून तर बाबांनी कुणालाच गाडीत घेतलं नव्हतं.

मंगळवारी माझी सुट्टी असते. सकाळी मी किल्ली बाबांसमोर धरली.

"चला. मला एक चक्कर मारून आणा."

"मी चालवणार नाही म्हटलं ना."

"एकदाच."

"गाडीवर भरवसा नसेल तर आत माणूस घ्यायचं नाही," ते म्हणाले. "हा आमचा नियम होता. पेशंटलासुद्धा दुसऱ्या गाडीत हलवायचो."

"मी पेशंट नाही आणि ही रुग्णवाहिका नाही."

"नाही म्हणजे नाही."

मी खाली गेले, गाडीचं पुढचं दार उघडून आत बसले, पट्टा लावला आणि हाताची घडी घातली. बाबा मागोमाग आले. म्हणाले, उतर. मी म्हटलं, उतरणार नाही. शेजारच्यांनी खिडकी उघडली. मी म्हटलं, त्यांनाही जरा करमणूक होऊ दे. आई वरून ओरडली, "अहो, जा हो घेऊन, नाहीतर ती दुपारपर्यंत तिथेच बसेल." तिला माझा अनुभव आहे.

शेवटी बाबा बसले. बसल्या बसल्या त्यांच्या हातांनी सवयीची कामं केली, दिव्यांची कळ, पट्टा, आरसा, किल्ली, आणि गाडी सुरू झाली. आवाज छान होता. निदान मला छान वाटला.

आम्ही बाजारामागच्या रस्त्याने निघालो. बाबा रस्त्याकडे बघत होते आणि मी त्या दोन छोट्या तबकड्यांकडे. तापाचा काटा हळूहळू वर येत होता, तसा तो गाडी तापताना येतोच. मी मनातल्या मनात म्हणत होते, चढ रे काट्या, चढ. मधोमध थांबू नकोस. आपल्या गाडीचं इंजिन तापावं म्हणून जीव मुठीत धरून बसलेली बाई जगात दुसरी कुणी नसेल. काटा मधोमध थांबला असता तर गुरुवारच्या डॉक्टरांना सांगायला आम्हाला एक गोष्ट जास्त मिळाली असती, आणि ती सांगायला लागणारी मीच असते.

काटा मध्यावर आला. थांबल्यासारखा वाटला.

मग तो पुढे सरकला.

"दिसतोय!" मी किंचाळले. "बाबा, मला दिसतोय! लालकडे चाललाय! आणि तेलाचा खाली! खाली चाललाय, बाबा!"

बाबा दचकले. त्यांना वाटलं मी घाबरले. त्यांनी गाडी एका गोदामाच्या भिंतीशी सावलीत घेतली आणि इंजिन बंद केलं. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"तुला दिसला?" त्यांनी विचारलं.

"दिसला."

"दोन्ही काटे?"

"दोन्ही, बाबा. तुम्ही म्हणता तस्सेच."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसत राहिले. मी खिडकीबाहेर बघितलं, म्हणजे त्यांना हवा तितका वेळ मिळेल. माझा जीव भांड्यात पडला होता. गाडीचं इंजिन जळून कोळसा झालं असतं तरी त्या क्षणी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

मी सबूरला फोन लावला. तो स्कूटरवरून आला, मागे हत्यारांची पिशवी बांधलेली. बॉनेट उघडलं तेव्हा त्याने दर वेळेसारखा डोळ्यांवर हात धरला. आतली सगळी बाजू चांदीच्या रंगात चमचमत होती.

"दर वेळी घाईत विचारायचं राहतं, लग्न आहे का गाडीचं?"

"आईने रंगवलंय," मी म्हटलं. "गंज दिसत होता म्हणून."

आमच्या घरात हे फार सांगण्यासारखं नाही. दादाच्या कारखान्यात उरलेला चांदीच्या रंगाचा डबा त्याने आईला आणून दिला, तेव्हापासून फाटक, स्टूल, झाडू ठेवायचा खिळा, पोस्टाची पेटी, सगळं चांदीचं आहे. डबा संपेपर्यंत आमच्यापैकी कुणी फार वेळ एका जागी बसू नये असं मी म्हणते.

मी सबूरला काट्यांचं सांगितलं. "मी शपथेवर सांगते, मी बघितलं."

"म्हणजे ऑइल पंप गेला," सबूर म्हणाला. "मी म्हटलंच होतं."

"कधी म्हटलं होतंत? ठणठणीत आहे म्हणाला होतात."

"सबूर, ताई, सबूर. इंजिन खोलावं लागेल. आत्ताच गाडी ओढून नेऊ."

"आधी दुसऱ्या मशीनवर लावा," मी म्हटलं.

"कशावर?"

"गाडीचं गेज सोडून तुमच्याकडचं दुसरं एखादं गेज लावा. दाब खरंच पडलाय का ते बघा. आमच्याकडे आकडा विचित्र आला की आम्ही माणसाला कापत नाही."

सबूरने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "तेच करणार होतो," तो म्हणाला आणि पिशवीतून एक नळी असलेलं गोल गेज काढलं. इंजिनाच्या कुशीत तेलाचा दाब मोजणारा जो छोटा सेन्सर असतो तो पान्याने काढून तिथे त्याने आपली नळी पिळून बसवली. बाबांना गाडी सुरू करायला सांगितलं. बाबांचे हात पुन्हा सवयीच्या कामाला लागले आणि इंजिन सुरू झालं.

सबूरच्या गेजचा काटा टपकन वर गेला आणि तिथेच उभा राहिला. त्याने गाडीचा आवाज वाढवायला सांगितला, कमी करायला सांगितला, इंजिन नुसतं जागेवर चालू दिलं. दाब भरपूर होता. मग कपाळासमोर धरून ताप बघतात तसलं एक पिस्तूल त्याने रेडिएटरवर, वरच्या रबरी पाइपवर, जिथे थर्मोस्टॅट बसतो तिथे रोखलं.

"इंजिन तापलेलं नाही," तो म्हणाला. "जितकं असायला पाहिजे तितकंच आहे. आत काटा कुठे आहे?"

"लालच्या तोंडाशी," बाबा म्हणाले.

सबूर येऊन स्वतः बघून गेला. इंजिन बंद करायला लावून त्याने सेन्सर पुन्हा बसवला, पुन्हा सुरू करायला सांगितलं. तेलाचा काटा थोडा उठला आणि तळाशी जाऊन बसला.

"एक गेज खोटं बोलेल," तो म्हणाला. "दोन एकदम? आणि मी चालवली की दोन्ही खरं बोलतात?" त्याने डोकं खाजवलं. "ड्रायव्हरसाहेब, गाडीचं तुमच्याशी भांडण आहे का काही?"

बाबा हसले नाहीत. "मी काय वेगळं करतो?" त्यांनी विचारलं. मला वाटतं गेले कित्येक आठवडे हाच प्रश्न ते स्वतःला विचारत होते, फक्त गाडीबद्दल नाही.

सबूर गाडीच्या पुढे जाऊन गोदामाच्या भिंतीला टेकून उभा राहिला. सावली होती, म्हणून त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन पिवळट डाग दिसले.

"दिवे कशाला लावलेत?" तो ओरडला. "भर दिवसा बॅटरी कशाला खाताय? बंद करा."

बाबांनी हात पुढे करून कळ दाबली.

मी खिडकीतून आत वाकलेली होते आणि माझी नजर काट्यांवरच होती. तापाचा काटा मधोमध आला. तेलाचा उचलला जाऊन जागेवर जाऊन बसला. एका क्षणात, दुसरं काही न करता.

"परत लावा," मी म्हटलं.

दिवे लागले. दोन्ही काटे ढळले.

"बंद."

जागेवर.

सबूर धावत आला. बाबांनी त्याच्यासाठी पुन्हा केलं, मग माझ्यासाठी पुन्हा, मग मला वाटतं नुसतं स्वतःसाठी. लावा, बंद, लावा, बंद. पलीकडून जाणारा सायकलवाला थांबून बघायला लागला.

"तुम्ही दिवसा दिवे लावून गाडी चालवता?" सबूरने विचारलं.

"नेहमी."

"का?"

"रुग्णवाहिकेचे दिवे दिवसाही चालूच असायचे. हात आपोआप जातो."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. लहानपणापासून बाबा दिवे लावल्याशिवाय गाडी काढत नाहीत. शाळेत सोडायला यायचे तेव्हा मुलं हसायची. मला, आईला, दादाला, सगळ्यांना हे माहीत होतं, आणि इतकं माहीत होतं की ते कुणाला दिसतच नव्हतं. बाबांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. आज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी कळ दाबली होती आणि मी आरशाकडे बघत होते.

आता सबूरला जोर चढला. त्याने पिशवीतून दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड तार काढली. एक चिमटा इंजिनाला लावला, दुसरा गाडीच्या उघड्या लोखंडाला. "दिवे लावा," म्हणाला.

दिवे लागले आणि काटे हललेच नाहीत. पण मी काट्यांकडे बघत राहिले म्हणून मला दुसरी गोष्ट उशिरा दिसली. बाबांना आधी दिसली. भिंतीवर आता पिवळट डाग नव्हते. दोन पांढरे लखलखीत गोल पडले होते.

"अंधुक होते," बाबा म्हणाले. "दिवे अंधुकच होते."

"होते ना," सबूर म्हणाला. "दिव्याला गेलेली वीज परत बॅटरीकडे यायला वाट लागते. ती वाट म्हणजे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी एक पट्टी. पट्टीवर अडली की वीज दिव्यांना पुरी पोचत नाही, आणि काट्यांचंही गणित चुकतं. दिवे बंद, तर भार नाही, मग सगळं ठीक." आणि तो बॉनेटखाली वाकून पट्टी शोधायला लागला. त्याला ती सापडेना, कारण आत सगळंच चांदीचं होतं.

सापडली तेव्हा त्याने बोल्ट काढला. पट्टीच्या टोकाखाली, जिथे लोखंडाला लोखंड भिडायला हवं, तिथे रंगाचा जाड, गुळगुळीत, सुंदर थर होता.

"वरून रंग लागला असता तर काही बिघडलं नसतं," सबूर म्हणाला. "पण हे कुणीतरी सोडवून, खाली रंगवून, वाळवून, परत आवळलंय. एवढी मेहनत कोण करतं?"

बाबा खाकरले. "ती म्हणाली, पट्टीखालीही गंज आहे. मी सोडवून दिली. वाळल्यावर मीच आवळली. चांगली घट्ट आवळली." मग जरा थांबून म्हणाले, "मी गाडी चालवायचो. दुरुस्तीला वर्कशॉप होतं."

मी आईला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. "आई, तू गाडीत आत पट्टीखाली रंग दिलास?"

"दिला ना," आई म्हणाली. "दोन हात दिले. सबूरला दाखव, छान दिसतंय की नाही विचार."

सबूर इतका हसला की त्याला बंपरवर बसावं लागलं. बाबाही हसले. आधी नाकातून, मग तोंड उघडून, मग खांदे हलायला लागले. मी त्यांना इतकं हसताना किती महिन्यांनी बघितलं कुणास ठाऊक. सबूरने पॉलिश पेपरने पट्टीचं टोक आणि त्याखालचं लोखंड घासून चकचकीत केलं, बोल्ट आवळला, आणि म्हणाला, "आता इथे रंगवायचं नाही असं वहिनींना सांगा. आणि मला तो डबा दाखवू नका."

येताना बाबांनी सरळ रस्ता घेतला नाही. जुन्या इस्पितळाच्या बाजूने वळवली. दिवे अर्थातच चालू होते, काटे जागच्या जागी होते आणि मी दर दोन मिनिटांनी बघत होते. बाबा रस्त्याबरोबर हळू आवाजात बोलत होते. "इथून डावीकडे. मग पाण्याची टाकी. मग... नाही, आधी शाळा, मग टाकी."

मी त्यांच्याकडे वळले. "पहाटे हेच म्हणता तुम्ही?"

कान लाल झाले त्यांचे.

"भिंत पातळ आहे," मी म्हटलं.

"इस्पितळापासूनचे रस्ते," ते म्हणाले. "गावाच्या टोकापर्यंतचे. रोज उठायच्या आधी सगळे म्हणून बघतो. तुझा थोरला काका आधी रस्ते विसरला होता. म्हटलं, मलाही तसं व्हायला लागलं तर निदान पहिल्या दिवशी कळेल."

"चुकले कधी?"

"एकदाही नाही."

"मग किल्ली का दिलीत, बाबा?" माझा आवाज चढला, त्याला माझा इलाज नव्हता. "रस्ते पाठ आहेत, आणि किल्ली टेबलावर?"

"रस्ते बरोबर येत होते आणि काटे चुकत होते. दोन्हीपैकी काहीतरी खोटं होतं." त्यांनी वळणावर नीट आरशात बघितलं. "गाडीत तुझी आई बसते. मला खात्री नव्हती, बाळा. फार भीती वाटत होती."

बाबांनी मला भीती वाटते असं सांगितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला. त्यांनी लगेच म्हटलं, "गिअर बदलायचाय," आणि मी हात काढला.

दादाला मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भंगारवाल्याला मी आत्ताच नको म्हणून सांगतो," आणि नाक ओढलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तोही इतके रविवार जीव टांगणीला लावूनच येत होता, फक्त त्याची पद्धत वेगळी. डब्याचं मी त्याला नंतर सुनावलं.

गुरुवारच्या डॉक्टरांचं काय, असं आईने जेवताना विचारलं. मी म्हटलं, काही गरज नाही. बाबा म्हणाले, "जाऊ ना. दिलेली वेळ मोडायची नाही. तपासतील, बघतील, सांगतील. पण गाडी मी चालवणार." आणि त्यांनी किल्ली टेबलावरून उचलून खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला नेहमीच्या वेळी जाग आली. मी उशी कानावर घ्यायला उचलली आणि थांबले. भिंतीपलीकडून काहीच येत नव्हतं. 'डावीकडे' नाही, 'टाकी' नाही. वेड्या मनात काय काय येतं ते सांगायची सोय नाही. मी अनवाणी उठले आणि त्यांच्या खोलीचं दार ढकललं.

आई जागी होती, उशीला टेकून बसली होती. तिच्या शेजारी बाबा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते, एक पाय पांघरुणाबाहेर, आणि घोरत होते. खिडकीतून पहाटेचा फिकट उजेड त्यांच्या पायापर्यंत आला होता.

"उठवू का?" आईने खुणेनेच विचारलं.

"नको," मी म्हटलं. "झोपू दे."